सेस्ना १७२ च्या केबिनमधला इंधनाचा वास: उगम शोधण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या, कार्ब्युरेटर असलेल्या सेस्ना १७२ एन विमानात दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या की केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो. टॅक्सी करताना डावीकडे वळले की आणि टेकऑफनंतरच्या चढाईत तो वाढतो, तासाभराच्या उड्डाणानंतर जवळजवळ नाहीसा होतो. गॅस्कोलेटरचे (इंधन गाळणाऱ्या वाटीचे) गॅस्केट बदलून झाले, प्रायमर (थंड इंजिनात इंधन सोडणारा हातपंप) तपासून झाला, तरी तोच स्नॅग (बिघाडाची तक्रार) टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, पुन्हा पुन्हा येतो आहे. विमानाखाली थेंब पडलेला कुणीही पाहिलेला नाही. आता नेमके काय उघडावे?

या वर्णनातच निम्मे उत्तर आहे. इंधनाच्या वासाचा शोध बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने घेतला जातो. हाताला लागेल ते गॅस्केट आधी बदलायचे, मग वास गेला का ते पाहायचे, गेला नसेल तर पुढच्या गॅस्केटकडे वळायचे. त्याऐवजी वास केव्हा येतो, त्या वेळी टाकीत किती इंधन असते, विमान कोणत्या अवस्थेत असते आणि फ्यूएल सिलेक्टर (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते ठरवणारी कळ) कुठे असतो, एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवल्या, तर पाना हातात घेण्यापूर्वीच संशयाची जागा हातभर रुंदीची उरते. आपल्या नोंदी वाचून माझा संशय गॅस्कोलेटरवर मुळीच जात नाही. तो डाव्या टाकीच्या केबिनकडच्या बाजूवर, आणि तिथेही वरच्या भागावर जातो. असे का वाटते आणि ते खरे की खोटे हे कसे पडताळावे, ते सांगतो.

त्याआधी सुरक्षिततेचे काही. १०० एलएल एव्हगॅसची, म्हणजे विमानाच्या पेट्रोलची, वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती वर निघून न जाता विमानाच्या पोटात, फरशीखाली आणि सीटच्या रुळांजवळ साचून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.२ ते ७.६ टक्के झाले की ती पेट घेऊ शकते. नाकाला वास त्याच्या कितीतरी आधी कळतो, म्हणून वास आला म्हणजे लगेच स्फोटाची स्थिती आली असे नाही. पण नाक काही मिनिटांतच त्या वासाला सरावते आणि मग वाफ वाढली तरी सांगत नाही, ही खरी अडचण आहे. विमान हँगरबाहेर मोकळ्यावर घ्यावे, दोन्ही दारे व खिडक्या उघडाव्यात, अर्थिंगची तार लावावी आणि ड्राय पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे. बॅटरी सोडवायची ती विमान पुरेसे हवेशीर झाल्यावरच, कारण टर्मिनल सोडताना ठिणगी पडू शकते. मोबाइल, साधी टॉर्च आणि ड्रिल मशीन लांब ठेवावे. सांडलेले इंधन व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेण्याची कल्पना कुणी मांडलीच, तर त्या माणसाला त्या दिवशी विमानाजवळ येऊ देऊ नये.

उड्डाणात असताना वास आला तर वैमानिकाने शोधाशोध करत बसू नये. केबिन हीट बंद करावी, ताज्या हवेचे व्हेंट आणि खिडकी उघडून पाहावी, गरज नसलेला विजेचा कोणताही स्विच चालू किंवा बंद करू नये, आणि जवळच्या सोयीच्या धावपट्टीवर उतरावे. त्या विमानाच्या पीओएचमध्ये (वैमानिकासाठीच्या पुस्तिकेत) जे लिहिले असेल ते याहून वरचढ. उतरल्यावर इंजिन बंद करून सिलेक्टर ऑफ करावा आणि स्नॅग लिहावा. ‘वास येतो’ एवढेच लिहून भागत नाही. टाकीत किती इंधन होते, व्हेंट उघडल्यावर वास वाढला की कमी झाला, चढाईत होता की सपाट उड्डाणात, हे त्याच वेळी लिहिले तर हँगरमधल्या माणसाचे दोन दिवस वाचतात.

आता संशयाची कारणे. १७२ एन च्या प्रत्येक पंखात सुमारे ८१ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी असते. दोन्ही मिळून ४३ गॅलन, त्यातले वापरता येण्याजोगे ४०. पंख वर असल्यामुळे इंधन केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येते. टाकीतून विंग रूट, तिथून दाराच्या खांबातून फरशीखाली, मग दोन्ही सीटच्या मधला सिलेक्टर, फायरवॉलवरचा गॅस्कोलेटर आणि शेवटी कार्ब्युरेटर, असा त्याचा प्रवास असतो. प्रायमरची नळी गॅस्कोलेटरकडून निघून पॅनेलपर्यंत येते. या सगळ्या मार्गात दाब जेमतेम एक-दीड पीएसआय असतो, त्यामुळे गळती फवाऱ्यासारखी न होता पाझरत राहते, आणि एव्हगॅस इतक्या लवकर उडून जाते की खाली थेंब पडण्याआधीच तिची वाफ झालेली असते. थेंब न दिसण्याचे कारण हेच. दोन्ही टाक्यांना हवा मिळते ती मुख्यतः डाव्या पंखाखाली, स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याच्या) मागे असलेल्या व्हेंटमधून. आणि दोन्ही टाक्यांच्या वरच्या भागांना जोडणारी एक आडवी नळी केबिनच्या छताच्या अस्तरावरून जाते. त्या नळीची टाकीपाशी असलेली जोडणी रबरी होजची असते. ती नळी एरवी कोरडी असते, म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

हे विमान तासाला साधारण ३० लिटर इंधन घेते. सिलेक्टर बोथवर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, असेल तर तासाभरात प्रत्येक टाकीतले १५ लिटरच्या आसपास कमी होते, म्हणजे टाकीचा वरचा पाचवा हिस्सा रिकामा होतो. वास तेवढ्या वेळात थांबतो, याचा सरळ अर्थ गळतीची जागा त्या वरच्या पाचव्या हिश्श्यात आहे. गॅस्कोलेटर, सिलेक्टर आणि कार्ब्युरेटर यांच्यावर टाकी भरलेली असो वा अर्धी, इंधनाचा भार जवळपास सारखाच राहतो. तिथे गळती असती तर वास तासाभराने गेला नसता. चढाईत नाक वर जाते आणि टाकीतले इंधन मागच्या भिंतीकडे सरकते. टॅक्सी करताना विमान डावीकडे वळले की इंधन वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे फेकले जाते. डाव्या टाकीत उजवीकडची भिंत म्हणजेच केबिनकडची भिंत. उजव्या टाकीत मात्र ते पंखाच्या टोकाकडे जाते, जिथून केबिनमध्ये वास येण्याचे कारण नाही. तिन्ही खुणा एकत्र ठेवल्या की डाव्या टाकीचा केबिनकडचा, वरचा, कदाचित मागचा कोपरा उरतो.

इथे एक खुलासा करावासा वाटतो, कारण प्रशिक्षणार्थी आणि काही वेळा प्रशिक्षकही यात घोटाळा करतात. हवेत व्यवस्थित समतोल वळण घेतले, बॉल (वळण समतोल आहे का ते दाखवणारी पॅनेलवरची गोळी) मध्यावर ठेवला, तर टाकीतले इंधन खालच्या पंखाकडे वाहत नाही. ते विमानाच्या फरशीच्या दिशेनेच दाबलेले राहते. म्हणून ‘डाव्या बँकमध्ये वास येतो’ ही नोंद बॉल कुठे होता हे सांगितल्याशिवाय फारशी उपयोगाची नाही. टॅक्सीतले वळण आणि हवेतली स्लिप (बॉल मध्यावर नसताना बाजूला घसरणे) मात्र इंधनाला खरोखर बाजूला ढकलतात. आपल्या नोंदीत टॅक्सी असा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणून तिला मी एवढे वजन दिले.

तर्क कितीही नेटका वाटला तरी तो पडताळून पाहिला पाहिजे, आणि त्यासाठी सुरुवातीला काहीही खोलावे लागत नाही. पहिली पायरी म्हणजे प्रणालीचे दोन भाग करणे. टाक्या पूर्ण भराव्यात, सिलेक्टर ऑफ करावा, दारे-खिडक्या लावून विमान रात्रभर उघड्यावर ठेवावे. सकाळी ज्याने आदल्या दिवशी इंधनाला हात लावलेला नाही अशा माणसाने दार उघडून लगेच वास घ्यावा. सिलेक्टर ऑफ असताना गॅस्कोलेटर, प्रायमर आणि कार्ब्युरेटर यांना वरून पुरवठा होत नाही. तरीही वास असेल, तर उगम टाकीपासून सिलेक्टरपर्यंतच्या भागात आहे. दुसऱ्या रात्री सिलेक्टर बोथवर ठेवून हाच प्रयोग करावा. फक्त दुसऱ्या रात्री वास आला तर सिलेक्टरच्या पुढे पाहावे. आपल्याकडे ही साधी चाचणी गॅस्कोलेटरला हात लावण्यापूर्वी व्हायला हवी होती.

दुसरी पायरी उंचीची. माठ कुठे झिरपतो हे कळण्यासाठी तो कोणत्या पातळीला झिरपायचा थांबतो ते पाहतात, तसेच इथे करायचे. डावी टाकी पूर्ण आणि उजवी अर्धी ठेवून एक दिवस, मग उजवी पूर्ण आणि डावी अर्धी ठेवून एक दिवस निरीक्षण करावे. या काळात सिलेक्टर बोथवर ठेवू नये, नाहीतर भरलेल्या टाकीतले इंधन दुसरीत उतरेल आणि चाचणीला अर्थ राहणार नाही. विमान सपाट जागी उभे असावे, कारण कललेल्या जागी वरच्या जोडनळीतूनही इंधन एका टाकीतून दुसरीत जाऊ शकते. दोषी टाकी ठरली की तिच्यातले इंधन पाच-पाच लिटरने कमी करत डिपस्टिकने पातळी मोजावी आणि वास कोणत्या पातळीला थांबतो ते कागदावर लिहावे. हे कंटाळवाणे काम आहे. घाईत असलेल्या संस्था ते टाळतात आणि त्याच विमानाला महिनाभर हँगरमध्ये ठेवतात.

एवढे झाल्यावर उघडायचे. केबिनमध्ये दाराच्या वर, पंख जिथे धडाला मिळतो तिथले प्लास्टिकचे ट्रिम आणि बाहेरून विंग रूटची फेअरिंग काढावी. उघडण्यापूर्वी काहीही पुसू नये, ही माझी एकच आग्रहाची विनंती आहे. १०० एलएल ला निळा रंग दिलेला असतो. इंधन उडून जाते आणि रंग मागे राहतो. तो डाग म्हणजे आपल्याला मिळणारा एकमेव लेखी पुरावा असतो, आणि उत्साही मदतनीस कापड व सॉल्व्हंट घेऊन तो पहिल्या पाच मिनिटांत नष्ट करतो. आधी विमान हवेशीर करून चांगल्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत. ताजा डाग स्वच्छ निळा दिसतो. जुना डाग धूळ धरतो आणि मळकट होत जातो. बोटाला चिकट, तेलकट लागले तर ते इंजिन ऑइल असण्याची शक्यता अधिक. लालसर असेल तर ब्रेकच्या हायड्रॉलिक द्रवाकडे पाहावे. डागाची सर्वांत रुंद जागा ही उगमाची जागा नसते. इंधन स्ट्रिंगरच्या (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पट्टीच्या) कडेने, वायरच्या जुडग्यावरून, रिव्हेटच्या रांगेने वाहत जाते आणि पहिल्या खोलगट जागी साचते. डाग वरच्या दिशेने मागे नेत जावे. जिथे त्याची रेघ सर्वांत बारीक आणि सर्वांत वर असेल, तिथे थांबावे.

या विमानात तिथे तीन उमेदवार भेटतील. पहिला गेजचा सेंडर, म्हणजे टाकीतली पातळी गेजला कळवणारा भाग. टाकीच्या केबिनकडच्या भिंतीवर तो एका गोल प्लेटने बसवलेला असतो आणि प्लेटखाली गॅस्केट असते. कालांतराने गॅस्केट कडक होते, किंवा कुणीतरी स्क्रू जोराने आवळून ते एका बाजूला पिळलेले असते. गळती गॅस्केटच्या कडेनेच होते असे नाही. स्क्रूच्या आट्यांतूनही होते, आणि तेव्हा निळा रंग नेमका त्या स्क्रूच्या डोक्याभोवती अंगठीसारखा दिसतो. सीलिंग वॉशर हरवलेला असणे हे त्याचे नेहमीचे कारण. दुसरा उमेदवार म्हणजे टाकीच्या वरच्या भागातल्या व्हेंट आणि जोडनळीच्या रबरी होज. होजवर बोट फिरवून काही कळत नाही. क्लॅम्प सैल करून ती थोडी वाकवावी आणि क्लॅम्पच्या अगदी कडेला, जिथे रबर दाबले गेलेले असते, तिथे भेगा आहेत का ते पाहावे. होज वरून सुरेख काळी दिसते आणि आतल्या थरातून सुटलेली असते. क्लॅम्प आणखी आवळणे हा त्यावर उपाय नाही, कारण कडक झालेले रबर त्याने फाटतेच. तिसरा उमेदवार टाकीचीच वेल्ड किंवा रिव्हेटची शिवण, आणि तो सर्वांत कमी शक्यतेचा. वास थांबण्याची वेळ तासाभराच्या खपाशी जुळत असल्यामुळे मी जोडनळीच्या होजला पहिला, सेंडर प्लेटच्या वरच्या कडेला दुसरा क्रमांक देतो.

डाग अगदीच धूसर असेल तर जागा स्वच्छ करून कोरडी करावी, टाकी भरावी आणि प्रत्येक संशयित जोडणीखाली पांढऱ्या टिश्यूची घडी दोऱ्याने बांधून रात्रभर ठेवावी. सकाळी एखाद्या घडीवर निळा ठिपका मिळतो आणि वाद संपतो. किती घड्या बांधल्या ते लिहून ठेवावे आणि तेवढ्या सगळ्या परत मोजून काढाव्यात. टाल्क पावडरचा पातळ थर देऊनही पाझर चांगला दिसतो, कारण ओली पावडर लगेच गडद होते. मात्र ती सुगंधी नसावी. वास शोधायला निघालेल्या माणसाने केबिनमध्ये गुलाबाचा वास पसरवण्यात काही शहाणपण नाही.

वास जिथे येतो तिथे उगम असतो असे मानू नये, याचे आणखी एक कारण आहे. उडताना लहान विमानांच्या केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो, त्यामुळे शेपटीकडच्या पोकळीतली हवा बऱ्याचदा मागून पुढे केबिनमध्ये ओढली जाते. पंखाच्या टोपणातून किंवा व्हेंटमधून बाहेर पडलेले इंधन धडावरून मागे जाते, फटींतून आत शिरते आणि त्याचा वास पुढच्या सीटवर बसलेल्याला येतो. १७२ मध्ये ताज्या हवेचे व्हेंटही पंखाच्या मुळाशीच, टाकीच्या शेजारी असतात. एका बाजूचे व्हेंट उघडल्यावर वास वाढतो आणि दुसऱ्या बाजूचे उघडल्यावर कमी होतो, असे आढळले तर ती बाजू जवळजवळ निश्चित झाली म्हणावे. वैमानिकाकडून ही एकच नोंद मागवली तरी चालेल.

काही वास मात्र बिघाडाचे नसतात, आणि ते आधी वगळावेत. बारामती, धुळे, जळगाव, गोंदिया अशा ठिकाणी मे महिन्यात विमाने उन्हात उभी असतात. पहाटे २५ अंशांच्या इंधनाने काठोकाठ भरलेली ८१ लिटरची टाकी दुपारी ४० अंशांपर्यंत तापली, तर इंधन फुगून सुमारे सव्वा लिटर जादा होते आणि व्हेंटमधून खाली गळते. हे त्या रचनेतच अभिप्रेत आहे. विमान उताराला उभे असेल तर हेच अधिक होते. म्हणून इंधन भरताना सिलेक्टर लेफ्ट किंवा राइटवर ठेवावा. मात्र टाकी अर्धी असताना व्हेंटमधून इंधन येत असेल, तर तिथला चेक व्हॉल्व्ह उघडाच अडकला आहे का ते पाहावे. उलट बाजूने, व्हेंट बुजले असेल तर ते अधिक गंभीर. कुंभारीण माशी त्या नळीत मातीचे घर करते, मग टाकीत पोकळी निर्माण होते आणि इंजिनला इंधन मिळेनासे होते. टोपणाची ओ-रिंग झिजली असेल तर पंखावरच्या कमी दाबामुळे उड्डाणात इंधन वर ओढले जाते आणि टोपणामागे निळी रेघ उमटते. त्याच वाटेने पावसाचे पाणी टाकीत जाते, हे लक्षात घेता ही दुरुस्ती पुढे ढकलू नये. आणि शेवटी सीटमागच्या खिशात ठेवलेला सॅम्पल कप. प्रीफ्लाइट करून कप झटकून खिशात टाकला, तळाशी चमचाभर इंधन राहिले, ते कापडात मुरले. असल्या स्नॅगवर खर्च झालेले मनुष्यतास मोजले तर प्रत्येक विमानाला कप ठेवायला बाहेरची बंद पेटी घेता येईल.

आपल्या विमानाला लागू नसले तरी बाकीच्या नेहमीच्या जागा थोडक्यात सांगतो, कारण लक्षणे वेगळी असली की तिथे जावे लागते. थंड इंजिन सुरू केल्यानंतर लगेच वास येऊन लवकर जात असेल तर प्रायमरच्या ओ-रिंग पाहाव्यात. दांडा ओला लागतो. प्रायमर नीट लॉक झालेला नसेल किंवा आतून झिजला असेल तर इंजिन त्यातून इंधन ओढते आणि आयडलला खडबडीत चालते, त्यामुळे ही दोन लक्षणे सोबत असतील तर फार शोधावे लागत नाही. इंजिन बंद केल्यानंतर विमानाच्या नाकाखाली ठिबकत असेल तर गॅस्कोलेटरच्या ड्रेनमध्ये कचरा अडकला आहे किंवा कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल बसत नाही. एअरबॉक्समधून (कार्ब्युरेटरला हवा देणाऱ्या पेटीतून) ठिबकणारे इंधन पुढच्या स्टार्टला आग लावू शकते, म्हणून ते तसेच सोडून उडू नये. सिलेक्टरच्या ओ-रिंगमधून गळणारे इंधन पोटाखाली मधोमध दिसते आणि सिलेक्टर फिरवला की वास वाढतो.

१७२ आर आणि एस ही इंजेक्शनची मॉडेल्स वेगळी आहेत. तिथे टाकी म्हणजे पंखाची पोकळीच असते आणि इंजिनवरच्या बारीक स्टीलच्या इंजेक्टर नळ्यांना पंपाचा दाब असतो. त्या नळ्यांचा क्लॅम्प निसटला की कंपनाने त्या जोडाशी तडकतात आणि गरम एक्झॉस्टवर इंधन उडते. लायकॉमिंगचे ३४२ क्रमांकाचे सर्व्हिस बुलेटिन या नळ्यांच्या वारंवार तपासणीसाठीच आहे. पायपरच्या जुन्या पीए-२८ मध्ये इंधन दाबाच्या गेजपर्यंत खरी इंधनाची नळी पॅनेलमागे आलेली असते, त्यामुळे पायांवर वास येत असेल तर तिथून सुरुवात करावी. रबरी ब्लॅडर असलेल्या जुन्या सेस्नांमध्ये टाकी दीर्घकाळ रिकामी ठेवली की रबर वाळून चिरते.

सापडलेल्या गळतीची तीव्रता ठरवण्याची प्रस्थापित रीत अशी: जागा पुसून कोरडी करावी आणि ३० मिनिटांनी ओल्या भागाचा व्यास मोजावा. पाऊण इंचापेक्षा कमी तो डाग, पाऊण ते दीड इंच तो पाझर, दीड ते चार इंच तो मोठा पाझर, आणि त्यापुढे थेंब पडत असेल किंवा ओघळ येत असेल तर वाहती गळती. पंखाच्या खालच्या उघड्या पृष्ठभागावरचा छोटा डाग देखरेखीखाली ठेवून काही काळ उडता येते, अर्थात त्या विमानाचे मेंटेनन्स मॅन्युअल तशी मुभा देत असेल तरच. पण वाफ साचू शकेल अशा बंदिस्त जागेतली गळती, मग ती केवढीही असो, उड्डाणापूर्वी दुरुस्त केलीच पाहिजे. आपली गळती केबिनच्या अस्तराआड आहे, जवळून विजेच्या तारा जातात. त्यामुळे हे विमान आताच उभे केले पाहिजे, आणि ‘भरलेल्या टाकीनेच येतो ना, मग तीन चतुर्थांश भरून उडवू’ ही तडजोड कुणी सुचवली तर ती मान्य करू नये.

टाकीची शिवण संशयात असेल तर हवेच्या दाबाची चाचणी करता येते, परंतु ती फार जपून. टाकी पत्र्याची आहे. कॉम्प्रेसरची नळी थेट लावली तर ती फुग्यासारखी फुगून शिवणी सुटतात. मॅन्युअलमध्ये दिलेला दाबच वापरावा, आणि तो अर्ध्या पीएसआयच्या आसपासचाच असतो. तेवढा दाब म्हणजे पाण्याचा सुमारे ३५ सेंटिमीटरचा स्तंभ. म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून केलेला मॅनोमीटर इथे कोणत्याही डायल गेजपेक्षा भरवशाचा. व्हेंट आणि टोपण नीट बंद करून बाहेरून साबणाचे पाणी लावावे. चाचणी संपल्यावर व्हेंटवरची पट्टी काढली आहे हे दुसऱ्या माणसाने पाहून सही करावी.

दुरुस्तीबाबत दोनच गोष्टी ठासून सांगतो. गॅस्केट, होज आणि वॉशर हे पार्ट्स कॅटलॉगमधल्या क्रमांकाचे आणि कागदपत्रांसह आलेलेच असावेत. सिलिकॉन आरटीव्ही सीलंट पेट्रोलमध्ये फुगते, सुटते आणि त्याचे तुकडे गाळणीत जाऊन बसतात. एम-सीलची जागा घरच्या नळाला आहे, विमानाच्या टाकीला नाही. फ्लेअर जोडणी (नळीचे तोंड पसरवून केलेली) गळत असेल तर ती आणखी आवळण्याऐवजी उघडून फ्लेअरला चीर आहे का ते पाहावे, आणि तिथे टेफ्लॉन टेप मुळीच गुंडाळू नये. दुसरी गोष्ट इंधनाची. एव्हगॅस मिळाली नाही म्हणून पंपावरचे पेट्रोल कधी टाकले गेले आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. आपल्याकडच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या विमानांच्या होज आणि ओ-रिंग त्यासाठी बनवलेल्याच नाहीत, आणि रोटॅक्स ९१२ सारख्या इंजिनांनाही निर्मात्याची परवानगी १० टक्क्यांपर्यंतच आहे. तसे घडले असेल तर एक होज बदलून काम संपणार नाही, सगळ्याच बदलाव्या लागतील.

काम परवानाधारक एएमईनेच (विमान देखभाल अभियंत्यानेच) करून टेक लॉगमध्ये रिलीज द्यायची आहे, हे वेगळे सांगायला नको. सेंडर काढला असेल तर बसवल्यानंतर गेजचे कॅलिब्रेशन, विशेषतः रिकाम्या टाकीची खूण, पुन्हा तपासावी. त्यानंतर डावी टाकी काठोकाठ भरून, ट्रिम उघडेच ठेवून एक पूर्ण दिवस विमान उभे ठेवावे, जोडण्यांना पुन्हा पांढरी टिश्यू बांधावी आणि टॅक्सीत डावीकडची वळणे मुद्दाम घेऊन पाहावीत. टिश्यू कोरडी निघाल्याशिवाय ट्रिम लावू नये. छताच्या अस्तराचा फोम, कार्पेट आणि इन्सुलेशन यांत मुरलेले इंधन काही दिवस वास देत राहते आणि दुरुस्ती फसली असा समज होतो. म्हणून ते सगळे काढून विमानापासून लांब, मोकळ्या हवेत वाळवावे आणि अंतिम चाचणी त्यांच्याशिवायच करावी. भरलेल्या टाकीने, कार्पेटविना, बंद ठेवलेल्या केबिनमध्ये सकाळी वास नसेल तर गळती थांबली आहे. कार्पेट परत घातल्यावर वास आला तर ते कार्पेट बदलून टाकावे.